पाळण्यातली पाचर

आमच्या शाळेत पिवळा डबा आला तेव्हा मी नववीत होते आणि वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज कापायचा. दहावीच्या दिवाळीनंतर मी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तीनशे माणसांसमोर माईक घेऊन उभी होते, आणि माझा हात जरासुद्धा हलत नव्हता. मधल्या वर्षभरात माझं जे काही झालं ते त्या डब्यामुळे. पुढे जे झालं तेही त्याच्यामुळेच, असं म्हणून सुटता आलं असतं तर फार बरं होतं.

डब्याचं कागदोपत्री नाव 'लयवेध'. आम्ही त्याला मात्रे सर म्हणायचो, कारण तो दिवसभर मात्रा मोजायचा आणि कधी हसायचा नाही. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा, वर पडदा, बाजूला कागद सरकवायची फट. शाळांना तो दिला होता चोर पकडायला. निबंध-कविता यंत्राकडून लिहून घ्यायच्या आणि खाली आपलं नाव घालायचं, यात आता कुणाला लाजही वाटत नाही. आमच्या वर्गातल्या ओजसने 'माझी आई' या विषयावर अशी कविता दिली होती की त्याची आईच म्हणाली, ही बाई कोण?

मात्रे सर चोर कसा पकडतात ते आवटी मॅडमनी शिकवलं. आवटी मॅडम विज्ञानाच्या, पण मराठीच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसतात, अशा. त्या म्हणाल्या, कविता कागदावर दिसते म्हणून ती शब्दांची वाटते, पण असते श्वासाची. माणूस ओळ रचतो तेव्हा ती मनातल्या मनात म्हणून बघतो. मनात म्हणतानाही छाती आणि गळा बारीक हलतो. जिथे दम संपतो तिथे ओळ वळते. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. या एक-दोनांची जी नक्षी पडते ती प्रत्येकाची निराळी, अंगठ्याच्या ठशासारखी. यंत्राच्या कवितेत बाकी सगळं असतं, पण यंत्राला दम लागत नाही. म्हणून ती लगेच सापडते.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. शास्त्रज्ञांनी डब्याला हजारो कवींचे कच्चे कागद खाडाखोडीसकट वाचायला दिले होते. आधी काय होतं, खोडून काय केलं. ते वाचून वाचून डबा असा तयार झाला की स्वच्छ, एकही काट नसलेला कागद दिला तरी तो सांगतो, या जागी आधी दुसरा शब्द होता. बदललेल्या शब्दापाशी लय थोडी लंगडते. मॅडम त्याला सांधा म्हणायच्या. फुटलेली बशी कितीही नीट चिकटवा, नख फिरवलं की लागतोच, तसा.

मला वेडच लागलं. मी दिसेल ते डब्यात सरकवायला लागले. एकदा गंमत म्हणून आमचं शाळागीत सरकवलं, तर तिसऱ्या कडव्यात सांधा निघाला. देणगीदाराचं नाव नंतर घुसवलेलं होतं, आणि आधीच्या देणगीदाराचं नाव पाच मात्रांचं होतं. मी ते प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला वाचून दाखवलं. पोरं खिदळली. मुख्याध्यापकही हसले, जरा उशिरा. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. आणि हेही कळलं की सांधा सापडला की टाळ्या पडतात.

प्रदर्शनात डबा चालवून दाखवायला कविता निवडायची होती तेव्हा मला विचारच करावा लागला नाही. माझा पाळणा होता ना.

आमच्याकडे बारशाला बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तीच बाळाच्या कानात नाव सांगते आणि मग पाळणा म्हटला जातो. माझी आत्या म्हणजे सुलूआत्या, पप्पांची धाकटी बहीण, आणि ती नुसता म्हणत नाही, रचते. आमच्या तासगावात गेल्या वीस वर्षांत जी बाळं जन्मली त्यातल्या निम्म्यांचे पाळणे तिचे. लोक घरी येतात, बाळाचं नाव, आईचं नाव सांगतात, चहा होईपर्यंत ती रचून देते. पण बारशाला तिला पुढे बसवत नाहीत. तिला मूल नाही. तिच्या सासूबाई असताना गावभर सांगायच्या, सूनबाईला दिवसच गेले नाहीत कधी, आमचं नशीब. लोक तिचा पाळणा न्यायचे, तिला नाही. फक्त माझ्या बारशाला तिला कुणी मागे सारू शकलं नाही, कारण आत्या तीच होती.

हा माझा पाळणा. दर वाढदिवसाला ती येऊन म्हणते, मी घोडी झाले तरी:

तुळस अंगणी, हले साजिरी
माझ्या कुशीत, नीज ग राही
दिवा लागला, सांज गोजिरी
मिटती पाने, नीज ग राही
वारा दमला, रात लाजिरी
श्वास मोजते, नीज ग राही

आता तुम्हीच सांगा, साजिरी, गोजिरी, लाजिरी आणि पुढे माझं नाव, राही? यमकाचे पार तीनतेरा. मी पाचवीत असल्यापासून तिला यावरून चिडवायचे, की गावाला सोन्याचे पाळणे आणि भाचीला पितळेचा. ती हसायची. म्हणायची, काय करू गं, तुझ्या नावाला यमकच सापडेना.

मी ठरवलं, स्टेजवरच, सगळ्यांसमोर हा पाळणा डब्यात सरकवायचा. आधी करून बघितला नाही. आवटी मॅडम म्हणाल्या होत्या, एकदा चाचणी घे. मी म्हटलं, मॅडम, आधी उत्तर माहीत असेल तर मजा काय? आत्याची लय डब्याला ओळखीची व्हावी म्हणून तिचे दुसरे सत्तावीस पाळणे मात्र गावभर फिरून जमवले आणि त्याला वाचायला दिले. आत्याला काही सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं.

प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे होते आत्याचे यजमान. त्यांना मी मामा म्हणते. रणधीर थोरात, बेदाण्याचं मोठं शीतगृह, तीन शाळांवर विश्वस्त. दरवर्षी ते तालुक्यातल्या पन्नास मुलींना सायकली देतात. माझी सायकलही त्यांचीच. त्यांनी भाषण केलं. म्हणाले, देवाने मला लेक दिली नाही, पण या तालुक्यातली प्रत्येक लेक माझी आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सगळ्यात जोरात. आत्या पहिल्या रांगेत होती, मोरपिशी साडीत, पप्पा आणि आई यांच्या मधे.

मग माझी पाळी आली. मी पाळणा वाचून दाखवला, कागद फटीत सरकवला, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागली. मी वाचत गेले, मधेमधे समजावून सांगत गेले.

"पहिलं, मात्रा. प्रत्येक ओळ आठ आणि आठ. विषम ओळींचा शेवट बघा. हले साजिरी, तीन आणि पाच. सांज गोजिरी, तीन आणि पाच. रात लाजिरी, तीन आणि पाच. आणि नीज ग राही? तीन, एक, चार. हा एकटा ग मधे कशाला? मात्रे सर म्हणतात, ही पाचर आहे. टेबलाचा पाय आखूड पडला की आपण कागदाची घडी घालतो, तशी. म्हणजे इथे आधी पाच मात्रांचा शब्द होता. राही चारच मात्रांची निघाली, म्हणून ग घालून भरलं."

लोक हसले. मी पण हसले. माझ्याच पाळण्यात मी आखूड पडले होते.

"दुसरं, यमक. मूळ शब्द जिरी या अक्षरांनी संपत होता. पाच मात्रा, शेवटी जिरी, मुलीचं नाव, आणि पहिल्याच ओळीत तुळस. शक्यता एकच." पडद्यावर ते नाव आलं, हाताएवढ्या अक्षरांत. मी माईकमध्ये वाचलं. "मंजिरी. आत्या, ही मंजिरी कोण? माझ्या आधी कुणासाठी रचला होतास गं?"

पुन्हा हशा. आत्या हसली नाही. मला वाटलं, ओशाळली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण तिसरा मुद्दा आधीच उमटायला लागला होता, आणि मी वाचायला लागले की वाचतेच.

"तिसरं, पुनरावृत्ती. नीज हा शब्द तीनदा, आणि तिन्हीदा त्याच्याआधी ओळ तुटते. रचनाकाराच्या इतर सत्तावीस रचनांत सोळा मात्रा एका श्वासात जातात. याच रचनेत प्रत्येक ओळ आठ मात्रांवर तुटते. रचतेवेळी श्वास नेहमीच्या निम्मा. दम्याची नोंद नसल्यास संभाव्य कारण: गर्भारपण, पाचवा महिना किंवा पुढे."

हे शब्द तोंडातून गेले आणि मग माझ्या कानांत शिरले.

तिसऱ्या रांगेतल्या डॉक्टर होनमाने उभ्या राहिल्या. त्या जिल्ह्याच्या आरोग्य समितीवर आहेत, परीक्षक म्हणून आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नाही, मामांकडे बघितलं. अगदी शांतपणे म्हणाल्या, "थोरातसाहेब, तुमच्याकडे तर दिवसच गेले नव्हते ना कधी? मग पाचवा महिना कुणाचा? आणि मुलगी आहे हे पोटात असतानाच कुणी सांगितलं?"

मामा उठले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, मला पुढचा कार्यक्रम आहे. आत्या त्यांच्यामागून चालत गेली. दारापाशी तिची चप्पल सापडेना, तर अनवाणीच गेली.

घरी आल्यावर पप्पांनी भरदुपारी दार आणि खिडक्या लावून घेतल्या. मला वाटलं, ते मामांवर चिडलेत. ते माझ्यावर चिडले होते. तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस, दाजींना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला माहीत होतं?" ते गप्प बसले. ते गप्प बसले की भांडण संपतं, असा आमच्याकडे नियम आहे. मी नियम मोडला. पुन्हा विचारलं, मोठ्याने, शेवटच्या रांगेला जाईल अशा आवाजात. तेव्हा हळूहळू बाहेर आलं. सीमेपलीकडच्या एका गावात तेव्हा चोरून तपासणी करायचे. मामांना आपल्या गाडीने जायचं नव्हतं, लोक नंबर ओळखतात. म्हणून पप्पांनी आपली गाडी नेली. दोनदा. एकदा कळून घ्यायला, एकदा मोकळं व्हायला. मोकळं व्हायला, हा शब्द पप्पांचा. दुसऱ्या वेळी काहीतरी बिघडलं आणि आत्याला पुन्हा कधी दिवस गेले नाहीत. जातीलच पुन्हा, तेव्हा सांगू लोकांना, असं ठरवून आधी लपवलं. मग लपवलेलंच राहिलं.

ती गाडी म्हणजे तीच पांढरी, जिच्यातून मला दवाखान्यातून घरी आणलं. फोटो आहे माझ्याकडे.

मी आईकडे वळले. ती कोथिंबीर निवडत होती. मी विचारलं, माझ्या वेळी? माझ्या वेळीही गेला होतात का?

आईने काडी मोडली. "मी गाडीत बसले नाही," ती म्हणाली आणि कोथिंबीर घेऊन आत गेली. यापलीकडे ती त्या विषयावर आजतागायत बोललेली नाही.

चार दिवसांनी मी शाळेतून परस्पर आत्याकडे गेले, मामांनीच दिलेल्या सायकलवरून. वाटेत सगळं पाठ केलं. आपण तक्रार करू. पुरावा आहे, डब्याचा अहवाल जिल्ह्याला आपोआप गेलाय. मी साक्ष देते. तू आमच्याकडे राहायला ये. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं बसवलं होतं.

आत्या मागच्या पडवीत सूप घेऊन बसली होती. बेदाण्यातल्या काड्या निवडत होती. शीतगृहात हे काम यंत्र करतं, पण घरचा बेदाणा ती हातानेच निवडते.

"या वकीलबाई," ती म्हणाली.

मी सगळं भाषण केलं. तिने मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, झालं? पाणी पी. मी पाणी प्यायले. मग तिने सांगायला सुरुवात केली, सुपातली नजर न काढता, जसं काही शेजारच्या घरातलं सांगावं.

जाताना मामांनी वाटेत दोनदा चहासाठी गाडी थांबवली होती. भजी खाल्ली, गप्पा मारल्या. येताना कुठेच थांबले नाहीत. कुणीही तिला एक शब्द सांगितला नाही. चहा नाही, यावरून तिला कळलं, मुलगी आहे. दोन फेऱ्यांच्या मधे आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत तिने पाळणा रचला. आपण एकदा तरी तिला नावाने हाक मारावी, एवढंच तिच्या मनात होतं. "जिना चढले तरी धाप लागायची तेव्हा," ती म्हणाली. "आठ मात्रांवर दम संपायचा. तुझा डबा हुशार आहे हो."

वर्षभराने मी जन्मले. मान आत्याचा, म्हणून सगळ्यांनी पाळणा मागितला. ती नवा रचायला बसली की जुनाच यायचा. शेवटी तिने त्यातलं नाव काढलं आणि माझं घातलं. एक मात्रा कमी पडली, तिथे ग बसवला.

मी विचारलं, मग मलाच का नाही ठेवलंस मंजिरी?

"तिचं नाव तिचं होतं," आत्या म्हणाली. "तुला कसं देऊ? मग तिच्याकडे काय उरलं असतं?"

मी सुपातली एक काडी उचलून बाजूला टाकली.

"दर वाढदिवसाला मी यायचे," ती म्हणाली. "नीज म्हटलं की तुम्हाला सगळ्यांना तुझं नाव ऐकू यायचं. मी तुझं म्हणायचे आणि आत तिचं म्हणायचे. यमक आत जुळायचं. पंधरा वर्षं, राही. वर्षातून एकदा, तीन वेळा. तेवढी एक जागा होती माझ्याकडे, भर माणसांत, कुणाला न कळता. ती तू पडद्यावर लावलीस."

मी रडायला लागले तर ती म्हणाली, बेदाण्यात पाणी पाडू नकोस, बुरशी धरते.

मग तिने काय करायचं ते सांगितलं. शनिवारी होनमानेबाईंची समिती चौकशीला शाळेत येणार होती. मी म्हणायचं, पाळणा मी लहानपणी ऐकून पाठ केला होता, त्यात माझ्या चुका झाल्या. आत्या मूळ पाळणा आणून दाखवेल. मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही. मामांना शिक्षा झालीच पाहिजे.

"आणि गाडी कोण चालवत होतं?" आत्या म्हणाली. "दादाला हातकड्या घालून नेताना मी कुठे उभी राहू? तुझ्या आईने काय करायचं? आणि संध्याकाळी मी कुठल्या घरी जाऊ, तुमच्या? तुझे पप्पा दार उघडतील?"

उत्तर मला माहीत होतं.

तिने हात पुसले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. आत गॅसवर चहा ठेवलेला होता. तो उतू जायच्या आत तिचं लिहून झालं. तिने पान माझ्यापुढे सरकवलं.

कोण तुळशिशी बोले काही
ऐकत ऐकत निजली राही

अशा सहा ओळी. मी सवयीने बोटांवर मोजल्या. सोळा, सोळा, सोळा. कुठेही ओळ तुटत नव्हती. ग नव्हता. काही, राही, यमक असं की जणू माझं नाव त्या ओळीतच जन्मलं होतं. गावातल्या कुठल्याही पाळण्याहून सुंदर होता तो.

"तू तर म्हणायचीस, माझ्या नावाला यमक सापडत नाही," मी म्हटलं.

"सापडू देत नव्हते," ती म्हणाली आणि चहा गाळायला गेली.

शनिवारी सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे बसले. होनमानेबाई, समितीचे आणखी दोघे, मामा, पप्पा, आत्या आणि कोपऱ्यात आवटी मॅडम. टेबलावर मात्रे सर. आत्याने पान पुढे केलं. आता ते दिनदर्शिकेचं नव्हतं. जुन्या वहीच्या पिवळ्या कागदावर तिने उतरवून आणलं होतं. मामा म्हणाले, पोरीचं वय आहे, उत्साहाच्या भरात होतं असं. पप्पा स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

होनमानेबाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "राही, इथे तुला कुणी रागावणार नाही. तू लहानपणापासून ऐकलेला पाळणा यातला कोणता?"

मी आत्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती डब्याच्या फटीकडे बघत होती, जिथून कागद आत जातो.

"हाच, नवा... म्हणजे हा वहीतला," मी म्हटलं. "प्रदर्शनात माझं पाठांतर चुकलं. साजिरी-गोजिरी मी माझ्या मनाने घातलं. चूक माझी आहे."

माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. वर्षभराची मेहनत होती त्यामागे.

आवटी मॅडम मला काहीतरी म्हणणार होत्या. त्यांनी सत्तावीस पाळणे वाचले होते. त्यांना लय कळते. पण त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कागद डब्यात सरकवला. पडद्यावर अहवाल उमटला:

मात्रा: निर्दोष. यमक: निर्दोष. रचनाकार: तीच. सांधा: आढळला नाही. श्वास: नेहमीचा.

होनमानेबाईंनी तो दोनदा वाचला. सही करताना त्या इतकंच म्हणाल्या, पहिला अहवाल रद्द केला की तो पुसला जातो, कायमचा, तुम्हाला कल्पना आहे ना? मामा म्हणाले, हो हो, पुसा. आत्याने मान हलवली. मंजिरी हे नाव जगात त्या एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं.

आमचा प्रकल्प जिल्ह्याला गेला नाही. मात्रे सर अजून मराठीच्या खोलीत आहेत, पोरं अजून पकडली जातात. मी आता त्यात काही सरकवत नाही. वक्तृत्व स्पर्धेत मात्र पहिली आले. विषय होता 'सत्य'. मामांनी बक्षीस दिलं.

फेब्रुवारीत माझा सोळावा वाढदिवस झाला. आत्या आली, त्याच मोरपिशी साडीत. आईने ओवाळलं, पप्पांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, मामा सोफ्यावर टेकले. आत्याने नवा पाळणा म्हटला. मी जुन्या जागी कान लावून बसले होते, नीज या शब्दानंतर, जिथे ती इतकी वर्षं किंचित थांबायची. पण नव्यात तो शब्दच नव्हता. ती एका श्वासात म्हणत गेली, सोळा मात्रा, न अडखळता, आणि शेवटी माझं नाव घेऊन थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा म्हणाले, वा, आता कसं छान बसलं.

आत्याने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "जुळलं ना गं यमक?"

मी म्हटलं, "जुळलं."